पहिली बैठक

२८ एप्रिल

पाचव्यांदा उसवलं! दोराचे तीन पेड उकलायचे, टोक वाकवून कडी करायची आणि एकेक पेड दोराच्याच पिळात खुपसत न्यायचा — एकावरून, एकाखालून. म्हणजे गाठ न मारता कायमची कडी. ऐकायला वेणीसारखं सोपं. करायला बसलं की तिसरा पेड कुठं गडप होतो देव जाणे.

सासरे बाजेवरून बघून राहिले. दोन सालांमागं लकव्यानं उजवा हात गेला, तवापासून त्यांची सगळी कला तोंडात आलीय. म्हणे, पिळाच्या उलट घाल. घालतेच आहे की मामा! मास्तरानंसुद्धा एवढं छळलं न्हाई मला.

३० एप्रिल

जमली! — न्हाई जमली. ओढल्यावर एक पेड सुळकन बाहेर.

४ मे

विहिरीतला गाळ यंदा काढलाच पाहिजे, न्हाईतर जूनमध्ये हळद कशाच्या जिवावर लावायची? उतरणार शेजारचा माऊली. मागच्या साली बसायच्या फळीची गाठ सरकली आणि त्याचा पाय मोडला. म्हणून मामांचा हट्ट — गाठ नको, कडी पाहिजे. आमच्या ह्यांचं म्हणणं, वसमतहून तयार आणू. आणा ना. कोणी अडवलंय? पण मी हातातलं सोडणार न्हाई.

७ मे

झाली! झाली! झाली!

ह्यांच्या गाडीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्यानं पीळ उघडत गेले आणि एकेक पेड पाच-पाच वेळा आत घातला. हे दिवसभर स्क्रूड्रायव्हर शोधून राहिले होते, मी गप. संध्याकाळी कडी लिंबाच्या बुंध्याला अडकवली, दुसरं टोक ट्रॅक्टरला. चाकं जागीच फिरली, कडी तसूभर हलली न्हाई. मामांनी डाव्या हातानं कडी चाचपली. म्हणाले, "बराबर." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या मी आज.

९ मे

आज सगळं लिहिणार.

सकाळी सहा माणसं विहिरीवर. कप्पी लागली, कडीला फळी अडकवली. माऊलीनं कडी निरखली, कोणी घातली विचारलं, आणि दोन पावलं मागं सरला. "बाईच्या हातच्या कडीवर जीव टांगू व्हय?"

असा राग आला! ह्याच हातच्या भाकरी चापताना काही वाटत न्हाई. हे आपल्या चपलेकडं बघत उभे. धन्य तो नवरा!

मामांना धरून आणून झाडाखाली बसवलं होतं. ते सावकाश बोलले, "माझ्या आज्याच्या वख्तापासूनचा रिवाज हाय. ज्यानं कडी घातली, पहिली बैठक त्याची. संगिता बसंल."

बाईमाणसानं विहिरीत उतरू न्हाई, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. मामांनी विचारलं, मग आज्याचा रिवाज मोडू का? दोघं दोर धरायला पुढं झाले.

पदर खोचला आणि बसले फळीवर. खोटं काहून लिहू, दोर दोन्ही हातांनी आवळून धरला होता. चाळीस फूट खाली! आभाळ ताटाएवढं झालं. डोक्यावर माझी कडी, डोळे तिच्यावरच. हलली न्हाई. गुडघाभर गाळात उतरले, पहिलं घमेलं स्वतः भरून वर पाठवलं आणि खालून ओरडले, "ओढा!"

वर आले. माऊली सरळ फळीवर जाऊन बसला. दिवसभर खाली-वर केलं त्यानं. जिंकले मी!

१२ मे

झरा मोकळा झाला. पाणी चढून राहिलंय. माऊलीची बायको सखुबाई म्हशीचं दावं घेऊन आली, कडी घालून दे म्हणाली. तांड्यावरच्या गुलाबसिंगनंही कडीसाठी निरोप धाडलाय. दिमाख काय माझा आज!

१३ मे

मामांना म्हटलं, आज्याच्या रिवाजाचं सगळं नीट सांगा, आपल्या पोरीला, कोमलला, पुढं शिकवायचंय. मामा पोट धरून हसले. म्हणाले, "कशाचा रिवाज पोरी? मी जल्मात विहिरीत उतरलो न्हाई. मला लई भेव वाटतंय."