तुझ्या मार्करचं अक्षर

आई,

आज भूमचा आठवडी बाजार. सकाळपासून दुकानात उभी आहे, फ्लेक्सचा वास डोक्यात बसलाय. तरी लिहायला बसले, तेही पेनानं. तुझ्या अक्षरात टाईप करायचा धीर झाला नाही. हो, तुझं अक्षर आता कम्प्युटरवर आहे. तू गेल्यावर तुझे अंगणवाडीचे तक्ते माळ्यावरून काढले, एकेक अक्षर स्कॅन केलं आणि त्याचा फॉन्ट केला. गाल फुगवलेला 'क', खालच्या ओळीत शेपूट सोडणारा 'ह', धुण्याच्या दोरीसारखी मधेच लोंबणारी वरची रेघ. बारसं, पहिला वाढदिवस, रसवंती, आइस्क्रीमची गाडी, सगळ्यांना 'ते हसरं अक्षर' हवं असतं. पुढाऱ्यांना मात्र चालत नाही, त्यांना जाड, डोळे वटारलेलं लागतं. श्रद्धांजलीला मीच देत नाही.

तू स्वयंपाकघरात खाली बसून तक्ते करायचीस. कागदाच्या कोपऱ्यांवर पिठाचा डबा, तांब्या, माझं दप्तर. आमटी उकळतेय आणि तुझ्या बोटांना मार्करची निळी शाई लागलीय. चौथीत मी त्यातलाच एक तक्ता शाळेत नेला, मीच केला म्हणून सांगितलं. गुरुजींनी तो भिंतीला लावला. तुला कळलं तेव्हा मारलं नाहीस. भाकरी थापता थापता म्हणालीस, "उद्या जा आन गुरुजींना सांग, हे माझ्या आईनं लिव्हलंय. दुसऱ्याच्या हातचं आपलं म्हणू न्हाय." मी गेले, सांगितलं. गुरुजी हसले, तक्ता तिथंच राहिला. मला मात्र कितीतरी दिवस त्या भिंतीकडं बघवलं नाही.

आज ईट गावची एक बाई भाचीच्या बारशाचा फ्लेक्स करायला आली होती. स्क्रीनवर अक्षर बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. "अगं बया, हे तर आमच्या बाईंचं अक्षर! ह्याच 'क'वर बोट फिरवून शिकले मी. बाईंचं नाव हाय का ह्याच्यात कुठं?"

"हाय की," मी म्हणाले.

नाही, आई. फॉन्ट तयार होताना एक रिकामी चौकट आली होती, बनवणाऱ्याचं नाव विचारणारी. मी माझं टाकलं. बदलायला दोन मिनिटं लागतात. ती बाई गेल्यावर चौकट उघडलीही, आणि तशीच बंद केली. 'उद्या जा आन सांग' म्हणणारं आता कुणी नाही. हे पत्रही तुझ्या तक्त्यांच्या गुंडाळीतच ठेवून देईन.

थकले होते म्हणून नाव बदललं नाही म्हणावं, तर खरंच थकले होते. पण कारण ते नाही. लोक म्हणतात, "ताई, तुमचं अक्षर किती गोड हाय," आणि मला ते ऐकायला आवडतं.