बाभळीच्या काट्यांवरचा शेअरबाजार

अहो,

दिवाळी तोंडावर आली. सकाळपासून घर सारवतेय. स्वयंपाकघर झालं, ओसरी झाली, आणि तुमच्या भिंतीपाशी येऊन हात थांबला. शेणामातीचं घमेलं तसंच ठेवलं, हात धुतले आणि लिहायला बसले. एक गोष्ट विचारायची आहे, ती तुमच्याशिवाय कोणाला विचारू?

आपल्या मलकापुरात शेअरबाजार कोणाला ठाऊक होता हो? जो तो कपाशीचा भाव विचारायचा. तुम्ही मात्र कापसाची सरकी काढायच्या जिनिंगमधून शेठजींचा वाचून झालेला इंग्रजी पेपर आणायचात आणि त्यातला एकच आकडा शोधायचात. सगळ्या मोठ्या कंपन्यांचे भाव मिळून झालेला निर्देशांक! तेवढ्या उंचीवर मातीच्या भिंतीत बाभळीचा काटा टोचायचा आणि कालच्या काट्यापासून त्याला लाल धागा ओढायचा. धागा माझ्या पोलक्याच्या रिळाचा. ते रीळ कधी परत केलंत का?

निळा धागा मात्र माझ्या जिवावर चालायचा. "मागच्या धा दिवसाची बेरीज कर व, अन् धानं भाग." मी भाकरी थापता थापता सरासरी सांगायची, तुम्ही निळ्याचा काटा टोचायचात. "लाल निळ्याच्या खाली उतरला का इकाचं, वर चढला का घ्याचं. मंग कोनी काई म्हनो!" आणि मुंबईच्या दलालाला तार करायला निघायचात.

तुम्ही गेलात, तेरावं झालं. एक दिवस आपल्या कुसुमनं वाचनालयातून तो पेपर आणला. दुःखात असं वाटावं का, मला माहीत नाही. पण मला राहवेना. आकडा कुठवर गेला असेल? तुमच्या शेवटच्या काट्यापुढे थोडी जागा सोडून मी माझा पहिला काटा टोचला.

तुमचे धाकटे भाऊ श्रीपतभाऊजी आले ते तणतणतच. "वयनी, इकून टाका थे शेअर! भित्तीले काटे टोचून कोनाले बजार समजते का?" त्या शेअरांवरच कुसुमचं पुढच्या वर्षीचं नागपूरचं कॉलेज अवलंबून आहे, हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "लाल अजून वर हाय, भावजी."

गेल्या महिन्यात लाल खाली उतरला. मी तार केली. सगळे विकायचा धीर झाला नाही, निम्मेच विकले. आणि आठवडा झाला नाही तोच लाल पुन्हा निळ्याच्या वर! म्हणजे उगाच विकले! असा राग आला तुमचा! कुसुम म्हणाली, "आई, बाबाचं कधी चुकलंच नाई का व?"

"नाई," मी ठासून सांगितलं.

कशाच्या जोरावर सांगितलं हो मी? भिंत भरली की तुम्ही काटे उपटायचात, आणि दर दिवाळीला मी सगळी छिद्रं बुजवून भिंत गुळगुळीत करायची. मग मला आठवणार काय? तुम्ही पेढे घेऊन आलात तेच दिवस! पण काही दिवस तुम्ही अळणी पिठलं मुकाट्यानं खाऊन उठायचात. "काऊन, काय झालं?" विचारलं की, "काई नाई, डोकं दुखते." ती डोकेदुखी म्हणजे फसलेली तार होती का? मला सांगितलं असतंत तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला? बेरजा दोघांच्या आणि चुका तेवढ्या एकट्याच्या, हे बरं होतं तुमचं! आज फार वाईट वाटलं मला.

तरी धागा सोडवत नाही. कधी खरं सांगतो, कधी चक्क बनवतो. खरं किती वेळा, खोटं किती वेळा? तुम्हाला तरी माहीत होतं का? मला बघायचंच आहे आता.

म्हणून सांगते, यंदा सगळं घर सारवीन, तुमची भिंत तेवढी नाही. तिच्यावरचं एकही छिद्र बुजवणार नाही, बरोबरचं नाही आणि चुकीचंही नाही. उरलेले शेअर त्या भिंतीकडे नीट बघूनच ठेवीन किंवा विकीन. आणि चुकलं तर त्याच दिवशी कुसुमला जवळ बसवून सांगीन. डोकं दुखतंय म्हणणार नाही.

तुमची बेरीजवाली,
यमुना