चिंचेने धुतलेले सहा प्रोसेसर

बेंगळूरुनिवासी, प्रोसेसरांचे घाऊक व्यापारी, आमचे धाकटे बंधू श्रीमान प्रज्योतराव यांना रामनगरच्या भागूअक्काचे आशीर्वाद (हाती लागलास तर एक धपाटाही).

आम्ही सगळी खुशाल. माहेरी बाजारकुणंगला अप्पांचा गुडघा पावसामुळे कुरकुरतो, पण शेतावर जायचं काही सोडत नाहीत. तुझी तब्येत कशी आहे ते तू सांगत नाहीस, म्हणून विचारत नाही. फोनवर मी जरा आवाज चढवला की तुझी रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही, म्हणून हे पत्र.

तर तुझं पार्सल. तू म्हणालास, "अक्का, खोलीत जागा न्हाई, कोरड्या कपाटात ठेव, धारवाडहून गणपती सर म्हणून येतील, त्यांना दाखव आणि दे." मी विचारलं, आहे काय? तर म्हणालास, मोठ्या कंपूटरांचे, म्हणजे सर्व्हरचे, प्रोसेसर. कंपनी खरा माल बाजारात आणायच्या आधी चाचणीसाठी जे नमुने काढते, ते वापरून झालेले. काम जवळपास तेच, किंमत बरीच कमी. मी ऐकून घेतलं. तुझ्या भावोजींनी एक तुकडा उजेडात धरून वाचला आणि म्हणाले, "अगं, ह्याच्यावर 'गोपनीय' असं छापलंय की! आणि ह्यो बाबा कुरियरनं धाडतोय?" (त्यांच्या पत्र्या-पाइपांच्या दुकानात गोपनीय काहीच नसतं, उधारीसुद्धा सगळ्या गावाला ठाऊक असते.)

आता माझी बाजू ऐक. बिस्किटाएवढे सहा तुकडे, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर राखाडी चिकट लगदा थापलेला. आपल्या घरात पाहुण्याला कधी खरकटा तांब्या दिलाय काय? मी चिंच घेतली, जराशी राख घेतली आणि समईसारखे लख्ख घासले. फक्त वरची बाजू. खालच्या सोनेरी ठिपक्यांना बोट लावलं नाही, तेवढी अक्कल आहे मला. पण पुसून बघते तर चार तुकड्यांवरची अक्षरंच गेलेली! नाव नाही, नंबर नाही, टकलासारखे गुळगुळीत. उरलेल्या दोनांवरची तेवढी शाबूत. तुला फोन लावला, तर तुझी रेंज गेलेली. भावोजींनी धीर दिला, पाइपांवर खुणा करायची काळी शाई काढली आणि म्हणाले, "दे हिकडं, चौघांवर परत लिवतो. दोघांवर हाय तसंच." त्यांचं अक्षर तुला माहीत आहे. मी शाईची बाटली लपवली.

तेवढ्यात गणपती सर दारात. चांगला माणूस रे. कन्नडमध्ये बोलले, मग आपल्या मराठीत बोलले, तांदळाचे पोळे खाल्ले आणि बॅगेतून एक उघडाच मदरबोर्ड काढून ओसरीवर मांडला. त्याचा पंखा असा काही गरजला की सासूबाई आतून ओरडल्या, भाताची गिरण कुणी सुरू केली म्हणून. मी खालमानेने सगळं सांगितलं: चिंच, राख, सगळं. त्यांनी भिंग लावून तुकडे पाहिले, एकेक करून बसवून चालवले आणि दोन एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला मांडले.

मग म्हणाले, "अक्का, खरी अक्षरं लेझरनं कोरलेली असतात. ती चिंचेनं जात न्हाईत." म्हणजे जी गेली ती छापलेली. कुणीतरी जुने स्वस्तातले तुकडे घासून त्यांवर भारी नमुन्यांची नावं छापली आणि तुझ्या गळ्यात मारली. दोन तेवढे खरे. सर तुझ्या शब्दावर सहाही घेऊन जाणार होते.

प्रज्या, खरं सांगते, मला वाटलं सर आता तुलाच लबाड समजणार. सर माझ्याकडे बघत होते. मी बोलणार, एवढ्यात भावोजीच पुढे झाले (हो, तुला आजवर कधी बरं न म्हणालेले): "सर, लोकांना फसवायची अक्कल त्याला असती तर आमच्या दुकानात मी न्हाई, तो बसला असता." सर हसले. म्हणाले, व्हय, फोनवर बोलतानाच वाटलं होतं, पोरगा साधा हाय, नोकरी गेल्यापासून धडपडतोय.

नोकरी गेल्यापासून! शिमग्याआधीच गेली म्हणे. मी चहा ओतत होते, तो बशीत जास्त आणि कपात कमी गेला. धारवाडच्या माणसाला माहीत, आणि तुझ्या सख्ख्या अक्काला दर आठवड्याला "ऑफिसात लई काम हाय". अरे, सांगितलं असतंस तर मी काय तुलाही चिंच लावली असती? सर गेल्यावर मी जरा रडले. सासूबाईंना सांगितलं, कांदा. (हातात कांदा नव्हता. त्यांनी विचारलं नाही.)

खोटे तुकडे याच डब्यात परत पाठवते. ज्याने तुला विकले त्याच्यापुढे ठेव आणि भांड. भांडणं जमत नसेल तर मला नंबर दे. डब्यात तीनच आहेत. चौथा भावोजींनी दुकानातल्या तराजूखाली सारलाय; तराजू कलत होता, आता सरळ उभा आहे.

वेळेवर जेवत जा. केस काप.

तुझी,
भाग्यलक्ष्मी अक्का

ता. क. : दोन खरे तुकडे मी गणपती सरांना देऊन टाकले. पैसे घेतले नाहीत. ओरडू नकोस, आधी वाच. कॉलेजांना जुने सर्व्हर जुळवून देण्याचं त्यांचं धारवाडात दुकान आहे आणि हाताखाली भरवशाचा माणूस हवाय. तू सोमवारी येतोस असं मी सांगून बसलेय.

आणखी एक : अप्पांना मी समक्ष जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण ते गुडघा चोळत एवढंच म्हणाले, "धारवाडहून शनिवारी घरला येता येतंय न्हवं?" कालपासून माळ्यावरची खोली झाडतायत, कुणाला हात लावू देत नाहीत. तुला निरोप आहे त्यांचा : पगार मागून घे, नमुने घेऊन येऊ नकोस.