तालमीतला नाच

मंगळवार, १९८४

"थांबू नगंस, नाच की!" वस्ताद पुन्हा ओरडले आणि लंगोटातला माझा धाकटा भाऊ दिनकर तांबड्या मातीत नाचत राहिला. मस्कतहून आलेली सिंथेसायझरच्या गाण्यांची नवी कॅसेट लावून तो घरी आरशापुढे नाचतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. वस्तादांनी तीच कॅसेट घालून आणायला लावलेला टेपरेकॉर्डर माझ्या हातात. यंत्राच्या ढोलाला दम लागत नाही. दिनकरला लागला होता.

"पैलवान हाईस का नाच्या रं?"

पोरं हसली. मीही हसलो. का? तो सुंदर नाचत होता म्हणून? बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. ढोल वाजतच राहिला.

बुधवार. दिनकर तालमीत गेला नाही. वस्तादांनी त्याच्या वाटणीचं दूध दुसऱ्याला दिलं.