शेवटची पाने न वाचलेल्या पुस्तकांची व्यवस्था

मी, नीळकंठ रामचंद्र बोराटे, वय वर्षे पंच्याहत्तर, राहणार निरवांगी, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, असे लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या अक्षरात आणि पूर्ण शुद्धीत करीत आहे. कोणी गळ घातलेली नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. रक्तदाब आणि डावा गुडघा सोडला तर तब्येत ठणठणीत आहे. इंदापूरच्या डॉक्टर स्वप्नाली शेंडे यांनी मला वार-तारीख विचारून आणि शंभरापासून सात-सात वजा करायला लावून दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. सहावे आणि सातवे कलम वाचून म्हातारा भ्रमिष्ट झाला होता असे ज्याला वाटेल, त्याने आधी तो दाखला वाचावा.

कलम १. राहते घर आणि कालव्याकडची दोन एकर जमीन माझा एकुलता मुलगा अनिमेष याला मिळावी. त्याचे नाव त्याच्या आईने कुठल्याशा पुस्तकातून काढले होते. गावात अजून कोणाला ते नीट म्हणता येत नाही, पण तो पुण्यात असतो, तिथे चालून जाते. अट एकच. घराची पश्चिमेकडची खोली, जिच्यात त्याच्या आईची खाट आणि पुस्तकांचे कपाट आहे, ती कलम सात पुरे होईपर्यंत पाडू नये, भाड्याने देऊ नये, तिला रंगही देऊ नये. तिथे गाडीसाठी शेड घालायचे त्याच्या मनात आहे, हे मला माहीत आहे. गाडी काही दिवस लिंबाखाली उभी राहिली तर विरघळणार नाही.

कलम २. पोस्टात आणि बँकेत जे काही निघेल ते नात ओवी हिचे. ती बारामतीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. पुढे काय शिकायचे ते तिचे तिने ठरवावे, त्यात कोणी नाक खुपसू नये.

कलम ३. गेणबा तुकाराम लावंड याने माझ्याबरोबर पस्तीस वर्षे कालव्यावर काढली. मी पाटकरी, म्हणजे कोणाच्या उसाला किती तास पाणी जायचे ते बघणारा, आणि तो दारे उचलणारा. शिव्या दोघांनी निम्म्या-निम्म्या खाल्ल्या. त्याला माझी सायकल, मोठी बॅटरी आणि गमबूट द्यावेत. गमबूट त्याला मोठे होतील, मोजे घालावेत.

कलम ४. आमच्या गावचे हिंदुराव घोगरे यांना मी एक पुस्तक देणे लागतो. नऊ-दहा वर्षांपूर्वी चावडीपुढे माझ्या पिशवीत डोकावून ते म्हणाले होते, "नीळकंठराव, गवऱ्या मसणात गेल्या अन् आता कादंबऱ्या वाचताय व्हय? शिकायचं ते तिशीच्या आत शिकावं. म्हाताऱ्या बैलाला नवं औत झेपत न्हाय." दहा माणसे हसली. मी गप्प बसलो, कारण पाण्याच्या पाळ्या सोडून चारचौघांत बोलायची मला सवय नव्हती. हिंदुरावांनी उभ्या जन्मात तीच चार गाणी ऐकली आणि त्याचीच त्यांना ऐट. त्यांना मी चारशे पानांची एक खुनाची कादंबरी देतो. शेवटचे प्रकरण ब्लेडने कापून कपाटात ठेवले आहे, ते देऊ नये. खून कोणी केला हे शोधत त्यांनीही माझ्यासारखे बसून बघावे.

कलम ५. यात मालमत्ता नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

बासष्टाव्या वर्षापर्यंत मी पाण्याची नोंदवही आणि वर्तमानपत्रातला धरणाचा साठा याशिवाय काही वाचले नव्हते. वाचायची ती माझी बायको इंदिरा. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे बाई होती. दोन हजार बाराच्या जूनमध्ये तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळे कळते, त्यांच्याशी बोलत राहा. बोलायला माझ्याकडे काय होते? मी दुपारी चार वाजता, ती शाळेतून यायची त्या वेळेला, खाटेशेजारी बसून वाचायला लागलो.

आधी घरातली पोथी काढली. तिने तोंड भिंतीकडे फिरवले. मग तिच्याच कपाटातली पुस्तके घेतली, तीही तिने ऐकली नाहीत. एक दिवस भेळीच्या पुड्याचा कागद हातात राहिला होता, त्यावर समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या आठ पायांच्या प्राण्याची माहिती होती. गंमत म्हणून वाचली, तर खाटेवरून आवाज आला, "हूं."

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हुंकार आहे तोवर सांगणाऱ्याने सांगायचे, थांबला की थांबायचे. तिच्या तोंडात एवढा एकच शब्द उरला होता, आणि तो ती फक्त न ऐकलेल्या गोष्टीला देणार होती. मला ते पटले. मी इंदापूरच्या वाचनालयात नाव घातले. ग्रंथपाल विचारायचे, काय देऊ? मी म्हणायचो, आमच्या घरात कोणी वाचले नसेल ते द्या.

असे करता करता बर्फात अडकलेली जहाजे वाचली, मधमाश्या वाचल्या, एका जपानी विधवेची कादंबरी वाचली. पहिल्यांदा कविता कळली तेव्हा मी चौसष्टाव्या वर्षात होतो. पुस्तक मिटून न्हाणीघरात गेलो आणि तोंड धुऊन आलो. मला आनंद झाला आणि संतापही आला. इतकी वर्षे हे सगळे माझ्याच घरात कपाटभर पडले होते आणि मी बाहेर ओसरीवर दाढा कोरत बसलो होतो. इंदिराने कधी हाताला धरून आत का नेले नाही, असे मी तिला विचारलेही. ती "हूं" म्हणाली.

कलम ६. दोन हजार चौदाच्या फेब्रुवारीत, दुपारी सव्वाचारला, इंदिरा गेली. दीपगृह एकटीने सांभाळणाऱ्या एका बाईची कादंबरी चालू होती आणि नऊ प्रकरणे उरली होती. लावलेली पोथी अपुरी ठेवू नये असे आई सांगायची. म्हणून चौदावा झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मी चार वाजता त्या खोलीत जाऊन बसलो. गादी देऊन टाकली होती, खाटेच्या पट्ट्या उघड्या होत्या. मी पुढचे प्रकरण उघडले आणि पहिला परिच्छेद वाचला. खाटेवरून हुंकार आला.

मी उठून कपाटामागे बघितले, आढ्याला पारवे आहेत का तेही बघितले. घरात कोणी नव्हते. परत बसून दुसरा परिच्छेद वाचला, परत हुंकार आला. मग मी वाचतच गेलो. भीती वाटली नाही असे खोटे लिहीत नाही. पण उठून जावेसे वाटले नाही.

रोज एक प्रकरण होत होते. पाचव्या दिवशी माझ्या ध्यानात आले की हुंकार खाटेवरून येत नाही, कपाटाजवळून येतो. सातव्या दिवशी तो दाराच्या चौकटीपाशी होता. नवव्या दिवशी शेवटचे प्रकरण उघडून पहिले वाक्य वाचले, तर तो उंबऱ्याच्या बाहेरून, ओसरीवरून आला. मला काय ते कळले. पुस्तक संपले की ती जाणार होती. मी पुस्तक मिटले. चोरासारखे मिटले. दुसऱ्या दिवशी चार वाजता नवे पुस्तक उघडले, तर हुंकार पुन्हा खाटेवरून.

तेव्हापासून अकरा वर्षे मी एकही पुस्तक शेवटाला नेलेले नाही. शेवटचे प्रकरण आले की त्यात दोरा घालायचा आणि नवे आणायचे. ओवी मोठी झाल्यावर तिने एक छोटा स्पीकर आणून दिला आणि फोनवर गाणी काढायला शिकवले. वाळवंटातल्या लोकांची गिटार, डोंगरातल्या बायकांचे बिनशब्दांचे गाणे, काय काय ऐकले. ऐन समेवर खाटेवरून "हूं" यायचे. पण तेही मी शेवटचे मिनिट उरले की बंद करायचो. लोकांना मी म्हातारपणी रसिक झालेला दिसलो. हिंदुरावांना येडा दिसलो. खरे असे आहे की मला नवीन काहीतरी रोज लागत होते, नाहीतर ती ऐकणार नव्हती, आणि त्या नादात ते मला मनापासून आवडायला लागले. मात्र जहाजे बर्फातून सुटली की नाही, दीपगृहातल्या बाईचे पुढे काय झाले, हे मला आजही माहीत नाही.

गेल्या वर्षापासून हुंकार बदलला आहे. चार वर्ग एकटीने सांभाळून आल्यावर तिचा जसा आवाज असायचा, तसा तो झाला आहे. आणि तो वाक्य संपायच्या आधीच येतो. उठू पाहणारे माणूस घाईघाईने हो हो म्हणते, तसा. तिला जायचे आहे. मी नवरा म्हणून तिच्यावर हात उगारला नाही, पण हे जे केले ते त्याहून वाईट आहे. श्रावणात एकदा शेवटचे प्रकरण वाचायला बसलो होतो. पान उलटले नाही. हात माझाच होता, पण हलला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ओवी उंबऱ्यावर फोन बघत बसली होती. मी वाचत होतो. तिने मान वर करून विचारले, "आजोबा, आत्ता हूं कोण म्हणालं?"

मी म्हणालो, "पारवा असेल."

"पारवा इतका दमलेला असतो?"

मी पुढची ओळ वाचायला लागलो. पुढच्या शनिवारी ती नवे पुस्तक घेऊन आली आणि खाटेवर टेकली. टेकताना ती पायथ्याशी, एका कडेला टेकली, दुसऱ्या कोणाचे पाय लागू नयेत अशी. ते पाहून मी हे मृत्युपत्र लिहायला घेतले. माझ्यामागे ही पोर चार वाजता इथे येऊन बसायला लागली, तर तिचेही आयुष्य या खोलीत जाईल.

कलम ७. कपाटातली सर्व पुस्तके आणि स्पीकर ओवीला मिळावेत. ~~माझ्या मृत्यूनंतर ओवीने~~ __उद्यापासून मी__ (नी. रा. बो.) दुपारी चार वाजता खोलीचे दार सताड उघडे ठेवून रोज एका पुस्तकाचे शेवटचे प्रकरण मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आहे. जी पुस्तके वाचनालयाला परत केली त्यांची यादी दाराआड लावली आहे, ती पुन्हा आणायची. हुंकार दाराकडे सरकेल, सरकू द्यायचा. मागून हाक मारायची नाही. शेवटचे पुस्तक संपल्यावर या खोलीत नवे पुस्तक कोणीही उघडू नये. यातले काही माझ्या हातून राहिलेच तर ओवीने तेवढे पुरे करावे, आणि तेव्हा हुंकार आला तर तो माझा समजून मलाही तसेच जाऊ द्यावे. मग तिने पुस्तके बारामतीला न्यावीत, आणखी नवी आणावीत, साठीत आणावीत, सत्तरीत आणावीत, आणि प्रत्येक पुस्तक संपवावे.

सहीपूर्वी वाढवलेला मजकूर: आज वरील मृत्युपत्र मी याच खोलीत दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. पहिल्या सहा कलमांना खाटेवरून हुंकार आला. हिंदुरावांच्या कलमाला जरा लांब आला. सातवे कलम मी मूळ लिहिले होते तसे, ओवीच्या नावाने, वाचले. हुंकार आला नाही. दुसऱ्यांदा वाचले. मग खाटेवरून विचारले गेले, "मग?"

तेरा वर्षांत "हूं" सोडून तिचा हा पहिला शब्द. मी म्हणालो, "मग काय, मी गेल्यावर ओवी वाचेल." काही नाही. डॉक्टर बाई आपल्या पर्सचा पट्टा घट्ट धरून बसल्या होत्या. मी म्हणालो, "इंदिरा, मला जमत नाही." काही नाही. मग मी म्हणालो, "बरं. उद्यापासून मीच वाचतो." तेव्हा हुंकार आला. वाक्य पूर्ण होऊ देऊन आला.

त्याप्रमाणे कलम सातमध्ये तीन शब्द खोडून तेथे दोन शब्द घातले आहेत, आणि माझ्या हातून काही राहिलेच तर काय करायचे ते एक वाक्य वाढवले आहे. खाडाखोड माझी असून तिच्यापुढे माझी आद्याक्षरे आहेत. सुरुवात दीपगृहापासून करणार आहे.

ठिकाण: निरवांगी
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५, बुधवार

(सही) नीळकंठ रामचंद्र बोराटे

साक्षीदार १: (सही) डॉ. स्वप्नाली शेंडे, इंदापूर. मी केवळ लिहून देणाऱ्यांच्या मानसिक स्थितीबाबत सही करीत आहे. ती उत्तम आहे.

साक्षीदार २: (सही) गेणबा तुकाराम लावंड, निरवांगी. मी हजर व्हतो. वाचलेलं समदं ऐकलं. मधी मधी जो हुंकार आला तो माझा न्हाय.