जागं राहायची पावडर

प्रांजली,

वरच्या क्वार्टरमधल्या सुमेधला घेऊन आम्ही दवाखान्यात निघालो आहोत. रिक्षा खाली उभी आहे. त्याची आई रडतच आली, "काकू, पोरगं झोपूनच नाही राहिलं, भिंतीशी भांडून राहिलं!" तुमच्या कोचिंगच्या टेस्टसाठी जागता यावं म्हणून कोणीतरी दिलेली मेथ नावाची नशेची पावडर तो घेत होता, हे त्यानंच कबूल केलं. तिनं आधी झोप आणि भूक मरते, मग भास होतात आणि सोडायची म्हटली तरी सुटत नाही.

तुझे आजोबा प्लांटमध्ये भट्टीवर होते. भट्टी रात्रंदिवस पेटलेली असे, पण तिच्यापाशी माणसं तीन पाळ्यांत बदलत. नाइट करून आले की ते दुपारपर्यंत घोरत आणि मी कुकरसुद्धा लावत नसे. एकाच माणसानं भट्टीइतकं जागावं, असं तेव्हाही कोणी म्हटलं नाही.

तुझा डबा हल्ली भरलेलाच परत येतो. तूही ती पावडर घेतली असशील, तर आईबाबांना सांगताना मी तुझ्याजवळ बसेन. आधी मला फोन कर; मी दवाखान्यात असेन, डॉक्टरही तिथेच असतील. टेस्ट बुडू दे.

घेतली नसशील, तरीही कर.

आजी