येळवशीची नाडी

२३ नोव्हेंबर १९५९, लोहारा

सरांनी माझ्या प्रबंधाचा विषय फेटाळला! अवघ्या चार ओळींत. "दख्खनच्या पठारावर गलगंड नाही. खेड्यातल्या बायकांची धडधड भीतीची असते. डॉक्टर दिसला की नाडी पळते. विषय बदला, नाहीतर दुसरा मार्गदर्शक शोधा."

मुंबईत खुर्चीत बसून यांना लोहारा तालुका दिसतो! थायरॉइडची गाठ आणि बिघडलेलं काळीज यांचा संबंध लावायला मी वर्षभर गावं पालथी घातली, ती काय हवापालट म्हणून?

विषय बदलणार नाही.

२४ नोव्हेंबर

रागाच्या भरात वरण करपलं. तसंच खाल्लं.

२ डिसेंबर, सास्तूर

कडूबाई. वय पंचविशीचं. डोळे बाहेर आल्यासारखे, हात थरथरतात, भाकरी थापताना मोडते. खाते दोघींचं, तरी वाळत चाललीय. नाडी एकशे तीस. गळा सुजलाय, हे लांबूनही दिसतं. पण "सूज आहे का?" विचारलं की उत्तर "न्हाय". सगळ्याच न्हाय म्हणतात. गळ्याला गाठ आहे असं एकदा गावभर झालं की सासरी टोमणे, धाकट्या बहिणीच्या लग्नात अडचण. मी मूर्ख, वर्षभर हाच प्रश्न विचारत बसले! आज सहज विचारलं, गळ्यालगतची पोत, गळसरी, आखूड झाली म्हणून पुन्हा ओवून घेतलीस का?

"व्हय की. दोन येळंला!"

आता गावोगाव हाच प्रश्न.

सासू ओसरीवरून ओरडली, "सोंगं हैत सगळी! काम दिसलं की हिचं काळीज उडतंय." संक्रांत झाली की सुनेला माहेरी धाडणार, कायमची. सर आणि सासू, दोघांचं निदान एकच!

९ डिसेंबर

भीतीची धडधड झोपेत थांबते. थायरॉइडची थांबत नाही. म्हणजे झोपलेल्या बाईची नाडी मोजली की सरांचं तोंड बंद. पण या बायका झोपतात कधी? जमिलाबीला विचारलं. ती दवाखान्यातली आया, गावोगाव माझ्यासोबत हिंडते. पोट धरून हसली. "दिवसा? अवं डाक्टरीणबाई, बाईमाणूस दिवसा आडवं झालं तर घरचे रडाय लागतील, मेली म्हणून!"

१४ डिसेंबर

येळवस!! वेळ अमावस्या! मी मुरुम गावची, शेतकऱ्याची लेक, आणि मला हे सुचायला इतके दिवस लागले! वर्षातून एकच दिवस सगळा तालुका रानात असतो. पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील पोटात गेली की बायासुद्धा झाडाखाली आडव्या होतात आणि कुणी त्यांना नाव ठेवत नाही. आमचे आप्पा तर दरवर्षी खोपीतच घोरायचे.

२९ डिसेंबर, येळवस

उजाडल्यापासून सास्तूरच्या रानात. बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं, झोपलात की हात धरीन, घाबरायचं नाही. काय हसल्या! "धरा, धरा, नवऱ्यानं तरी कुठं धरलाय!"

पाच पांडव म्हणून मांडलेल्या दगडांची पूजा झाली, पंगती उठल्या. प्रत्येक रानात "खावाच" म्हणून आग्रह. तीन ठिकाणी आंबील प्याले, माझेच डोळे मिटायला लागले. जमिलाबीही तुरीच्या कडेला लवंडली. तिचीही मोजली, बहात्तर. मग एकेक मनगट. सैल गळसरीवाल्या सत्तर, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर. पुन्हा ओवून घेतलेल्या? एकशे दहा, एकशे सोळा! दोघींचा तर तालच चुकलेला, ठोका येतो, हुकतो, मग दोन एकदम.

कडूबाई ज्वारीच्या सावलीत गाढ झोपलेली. एकशे चोवीस. सासू शेजारी बसून माझं तोंड निरखत होती. शेवटी तिनंही सुनेचं मनगट धरलं. खूप वेळ धरून बसली.

"झोपल्यावर कुठलं सोंग?" हळूच म्हणाली. मग सुनेच्या अंगावर आपलं पांघरूण टाकलं.

मला रडू आलं. आलं तर आलं.

१५ जानेवारी १९६०

कडूबाई सासरीच. गोळ्या सुरू केल्या. सासू स्वतः मोजून देते, आणि रोज मनगट धरते म्हणे. सरांना सगळे आकडे पाठवलेत. बघू आता काय म्हणतात.

१९ फेब्रुवारी

आलं उत्तर. "आकडे उत्तम. मार्चमध्ये उस्मानाबादला डॉक्टरांची सभा आहे, मी यावर बोलणार आहे. रोगी बाई घेऊन या." प्रबंधाबद्दल अवाक्षर नाही. सोबत छापील पत्रिका. व्याख्याते: सर. 'माझे मराठवाड्यातील संशोधन.' माझे!!

माझं नाव शोधलं. मागच्या बाजूलाही बघितलं.

२६ फेब्रुवारी

लिहून विचारलं. उत्तर: "तुम्ही अजून विद्यार्थिनी आहात. पदवी हवी आहे ना?"

जमिलाबी म्हणाली, "जाऊच नका. बसू द्या बोंबलत." का जाऊ नको? रोगी माझी आहे. ती कुणाच्या हाती देणार नाही. पदवी ठेवा तुमच्याजवळ! मी पहिल्या रांगेत बसणार आणि सर प्रत्येक आकडा माझ्याकडे बघत वाचतील. बघू, त्यांच्यानं वाचवतं का.

५ मार्च

उद्या सकाळच्या एस.टी.नं. सासूही येणार म्हणते. सून एकटी परगावी कशी जाईल!

६ मार्च, उस्मानाबाद

सभागृह भरलेलं. सरांनी कडूबाईला पुढं बोलावलं, तिची मान सगळ्यांना दाखवली, म्हणाले, "या बाईची झोपेतली नाडी मी एकशे चोवीस मोजली." मागून सासू उठली. पदर सावरून माझ्याकडे बोट केलं.

"आमच्या रानात ही बाई व्हती. तुम्ही कुठं व्हता येळवशीला?"

मग अध्यक्षांनी सरांच्या पुढ्यातले कागद उचलले आणि माझ्याकडे धरले.